एजोब म्हणजे कोणतं झाड?

सटवाला झाडपाल्यातलं कळत नाही असं म्हणणारा माणूस धारूरच्या घाटात अजून जन्मायचाय. पन्नास वर्षं त्यानं बालाघाटाच्या उतारावर शेळ्या राखल्या. कोणत्या पाल्यानं दूध वाढतं, कोणत्यानं पोट फुगतं, काय चघळलं की माणसाचं डोकं गरगरतं, सगळं तोंडपाठ. नवीन काही उगवलेलं दिसलं की गड्याची रीत ठरलेली. आधी पान बोटांत चुरडायचं, वास घ्यायचा, मग कळपातल्या म्हाताऱ्या शेळीपुढं धरायचं. तिनं तोंड लावलं तर स्वतः चावून बघायचं, तिनं मान फिरवली तर विषय संपला. अशा या माणसाला एक झाड सव्वीस वर्षं चकवा देत होतं. त्याचं नाव एजोब.

आता धनगराच्या सटवाचा आणि एजोबाचा काय संबंध, ते ऐका. वाडीत ख्रिस्ती मंडळींची चौदा घरं आणि पत्र्याचं एक छोटं प्रार्थनामंदिर. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, मंदिरापुढच्या अंगणात त्या प्रसंगाचं नाटक होतं. सगळी सोंगं मंडळीतलीच माणसं घेतात, एक सोडून. क्रुसावरचा येशू तहान लागली म्हणतो, तेव्हा एक शिपाई आंबेत, म्हणजे आंबट रसात, बुडवलेला स्पंज काठीवर खोचून त्याच्या तोंडाला लावतो. हा शिपाई व्हायला कुणी तयार होईना. मरणाऱ्या प्रभूच्या तोंडाला आंबट लावायचं पाप कोण डोक्यावर घेणार? शेवटी जुन्या पास्टरांनी सटवाला गाठलं. तू सहा फुटी, शेळ्यांना डहाळ्या ओढायची लांब बांबूची आकडी तुझ्या हातात, आणि वरून तू आमच्यातला नाहीस. सटवा हसला आणि हो म्हणाला. त्याला कसलं आलंय पाप!

शास्त्रात ती काठी एजोबाची आहे असं लिहिलंय. पहिल्याच वर्षी सटवानं विचारलं, "एजोब म्हंजी कोणतं झाड?"

"आहे काहीतरी परदेशातलं. तुझी आकडी चालते की," पास्टर म्हणाले.

"चालती ते खरं. पर झाड कोणतं?"

तेव्हापासून तीन पास्टर बदलले, उत्तर काही बदललं नाही.

आंबेचीही एक गंमतच होती. शास्त्रातली आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस. वाडीत हे कुणाच्या गावी असणार? इथं आंब म्हणजे हरभऱ्याची. थंडीत हरभऱ्याच्या पाल्यावर दव पडतं आणि ते आंबटढाण होतं. पहाटे त्यावरून धुवट फडकं फिरवायचं, पिळून बाटलीत भरायचं, की वर्षभर पोटदुखीला औषध. सटवाची बायको भामाबाई ती काढायची. नाटकाला लागणारी वाटीभर आंब दरसाल तिच्याच बाटलीतून जायची.

ती भामाबाई यंदा पौषात गेली. लकव्याचा झटका आला, मोठ्या दवाखान्यात तीन दिवस काढले. गिळायची ताकद गेलीय, पाणीसुद्धा श्वासनळीत जाईल, तोंडानं काहीही देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बापलेकांना बजावून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सोमेश्वर औषध आणायला खाली गेला. भामाबाई वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवत सटवाकडं बघत होती. बघत होती म्हणजे काय, नजर हलवतच नव्हती. सटवानं पिशवीतली बाटली काढली, पेलाभर पाण्यात आंबेचे चार थेंब टाकले, धोतराचं टोक बुडवलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिनं ते चोखलं. त्यानं पुन्हा लावलं, तिनं पुन्हा चोखलं. मग ठसका लागला. तेवढ्यात सोमेश्वर दारात आला आणि ओरडला, "आबा, हे काय केलं?"

तासाभरात ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आज ना उद्या होणारच होतं. पण सोमेश्वरनं त्यानंतर बापाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. एका घरात राहायचं, एका ताटलीतलं लोणचं खायचं आणि बोलायचं ते शेळ्यांच्या चाऱ्यापुरतं. सटवाच्या मनानं मग एकच धोसरा घेतला. नाटकातला येशूसुद्धा आंब चोखतो आणि लगेच मान टाकतो. सव्वीस वर्षं आपण सोंग केलं आणि सत्ताविसाव्या वर्षी खरंच करून बसलो की काय? आपण तिची तहान भागवली, की तिला मारलं? दुसरं काही त्याला सुचेना.

उत्तम शुक्रवार पंधरा दिवसांवर आला, तसा तो नव्या पास्टरकडं गेला. अभिमन्यू पास्टर तिशीचे, हसतमुख. शिकताना दोन वर्षं ग्रीक भाषा गिरवलेली आणि ती इथं कुणापुढं पाजळायची याची चिंता लागलेली.

"पास्टर, यंदा मी शिपाई व्हनार न्हाई," सटवा म्हणाला.

"का आबा? मंडळी तुमच्यावर अवलंबून आहे."

"मला आधी सांगा, त्या शिपायानं ते कावून दिलं? दया करून, का छळ म्हनून?"

पास्टर अडखळले. "थट्टेनं दिलं असं साधारण मानतात. पण हा प्रसंग चौघांनी लिहिलाय. कुणी थट्टा म्हणतं, कुणी नुसतं दिलं म्हणतं."

"मंग झाड सांगा. औषधाचं असलं तर त्याच्या मनात दया व्हती. काट्याचं, इखाचं असलं तर छळ. मानूस हातात काय घेतो त्यावरनं त्याची नियत कळती."

सगळ्या अभ्यासात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं, मूळ ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. हिस्सोपॉस. आपल्याकडं त्याचं एजोब झालं."

"नाव नगं हो मला. झाड दाखवा."

पास्टरही हट्टाचे. चार दिवसांत त्यांनी कुठल्याशा नर्सरीतून त्या नावाचं रोप मागवलं. कुंडी बघायला निम्मी वाडी गोळा झाली. वीतभर उंचीचं रोप, बारीक पानं, निळसर फुलं. सटवानं पान चुरडलं, वास घेतला. पुदिना आणि ओव्याचं लग्न लावल्यासारखा वास. म्हातारी शेळी पुढं केली. तिनं हुंगलं, विचार केला आणि शेंड्यासकट अर्धं रोप फस्त केलं.

"अहो, अहो! साडेतीन दिवस प्रवास करून आलंय ते!" पास्टर कुंडी ओढून घेत म्हणाले.

सटवा पान चावत होता. "औषधी हाय. खोकल्याचं असावं." त्याचा चेहरा घडीभर उजळला. मग त्यानं उरलेल्या दांडीवर ओला स्पंज ठेवला आणि दांडी शरमेनं मान घालावी तशी खाली वाकली. "पर पास्टर, ह्याची काठी कशी व्हनार? वीतभर दांडी. क्रुसावरल्या मानसाच्या तोंडापस्तोर ही कशी पोचती?"

"तेच तर," पास्टर कुंडीकडं बघत राहिले. "दुसऱ्या एकानं तर तिथं वेत लिहिलंय. वेतासारखी लांब काडी. म्हणजे एक म्हणतो लांब, एक म्हणतो एजोब."

"म्हंजी हे त्ये झाड न्हाई!" सटवा म्हणाला. आलेला उजेड गेला, पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी दोघं पास्टरांच्या मोटारसायकलवर घाट चढून धारूरला गेले. बौद्धवाड्यातल्या शहादेवची लेक आम्रपाली तिथल्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. लहानपणी सटवाच्या मागं फिरून तिनं पानं गोळा केली होती, त्यामुळं प्रयोगशाळेत म्हातारा दिसताच तिनं स्वतःची खुर्ची पुढं केली.

"बसा आबा. काकू गेल्या त्याचं कळलं. यायला जमलं न्हाई."

"आसू दे, पोरी. तू मला एक झाड हुडकून दे."

तिनं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस मागून घेतले, पुस्तकं चाळली, कुणाकुणाला फोन केले. तिसऱ्या दिवशी दोघं पुन्हा गेले, तेव्हा ती टेबलावर हात ठेवून म्हणाली, "आबा, खरं सांगू? कुणालाच पक्कं माहीत न्हाई."

"आगं, दोन हजार वर्सं पुस्तक वाचतेत आन् झाड म्हाईत न्हाई?"

"वाचणारे पंडित होते, शेळ्या राखणारे न्हवते," ती हसली. "एक म्हणतो, ओव्याच्या जातीचं झुडूप. एक म्हणतो, आपल्या वाघाटीच्या कुळातलं काटेरी, भिंतीच्या फटीत उगवणारं. आणि एक म्हणतो..." ती मुद्दाम थांबली. "तुमी सांगा बघू. मानसाच्या उंचीच्या वर जाईल इतकं लांब, वेतासारखं सरळ, वाळलं की हलकं, कुठंही सहज हाताला लागणारं. कोणतं?"

सटवानं कपाळाला आठ्या घातल्या. बोरू म्हणावा तर तो वेतच झाला. अंबाडी? शेवरी? मग त्याचा जबडाच खाली आला. "ज्वारी?"

"ज्वारी. काही जाणकारांना वाटतं की शिपायानं उचललं ते ज्वारीचं धाट असावं. पुरावा पक्का न्हाई, आबा, आधीच सांगते. पण दोन्ही लिहिणाऱ्यांचं जमवायचं म्हटलं तर तेच जमतं."

येताना घाटभर सटवा मागच्या सीटवर एकटाच हसत होता. "ज्वारी! बोंबला! सव्वीस वर्सं परदेशातलं झाड हुडकतोय आन् त्ये आमच्या दावणीला!" मग मध्येच त्याचं हसू थांबलं. पास्टरांनी विचारलं, काय झालं?

"आवो, ज्वारीनं काय कळतंय? ज्वारी ना औषध ना इख. ज्वारी म्हंजी नुसती ज्वारी. माझा सवाल तसाच ऱ्हायला की."

पण एक गोष्ट पास्टरांच्या मनानं घेतली होती. ज्वारीचं धाट ओला स्पंज पेलतं का, हे तरी करून बघू.

बुधवारी दुपारी मंदिराच्या अंगणात तालीम लागली. रब्बीची ज्वारी नुकतीच निघालेली. सोमेश्वरनं आपल्या टेम्पोतून कडब्याच्या चार पेंढ्या आणून टाकल्या, त्यातली लांब लांब धाटं सटवानं निवडली. येशूचं सोंग गेली नऊ वर्षं बंकट मिस्तरीकडं. क्रूस अजून उभा केला नव्हता, म्हणून तो पोट सावरत उंच ओट्यावर चढला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"सटवाआबा, धाटच बरं," तो वरून म्हणाला. "तुमच्या आकडीनं दरसाल माझा ओठ फुटतोय. लोकांना वाटतं मी लई भारी रडतो. आरं, खरंच दुखतंय बे!"

अंगण हसलं. सटवानं पहिलं धाट घेतलं, शेंड्याला ओला स्पंज खोचला आणि आकडीच्या सवयीनं झपकन वर केलं. धाट कडकन मोडलं, स्पंज बंकटच्या पोटावर आपटून ओघळला. दुसरं धाट हळू उचललं, तर ते वाकून बंकटच्या कानात गेलं. बंकट कोकलला, "प्रभूला कानानं पाजता का?" तिसऱ्या वेळी सटवानं स्पंज नीट पिळून हलका केला, शेंड्यापासून आठ बोटं खाली, पेरापाशी सुतळीनं बांधला. धाट दोन्ही हातांनी धरलं, बुडखा पोटाशी टेकवला, श्वास आवरून इंचाइंचानं वर नेलं. शेंडा थरथरत होता. तो स्थिर होईपर्यंत त्याला थांबावं लागलं. मग स्पंज बंकटच्या ओठांना असा लागला, की बंकटनं डोळे मिटले आणि विनोद विसरून खरंच चोखला.

सटवानं धाट तसंच धरून मान वळवली. "पास्टर, त्या शिपायापाशी दुसरं काय व्हतं?"

"म्हणजे?"

"हातात काय व्हतं त्याच्या? शिपाई व्हता ना? रिकाम्या हातानं तर आला नसंल."

"भाले होते की. थोड्या वेळानं तिथल्याच एका शिपायानं त्याच्या कुशीत भाला मारला, तसं लिहिलंच आहे."

सटवानं धाट खाली घेतलं. "भाला हातात हाय. लांब हाय, मजबूत हाय, टोकाला स्पंज खोचायला लोखंड हाय. छळच करायचा आसता तर त्येच पुढं केलं आसतं. बंकटचा ओठ मी बांबूनं फोडतोय, मंग लोखंडानं काय झालं आसतं? आन् ह्यो गडी भाला ठिवून ज्वारीचं धाट हुडकतोय. कावून?"

पास्टरांनी ती ओळ शेकडो वेळा वाचली होती, मूळ भाषेत वाचली होती, आणि भाल्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

"तोंडाला लागू नये म्हनून," सटवा स्वतःच म्हणाला. "झाड कोणतंबी आसू दे, पास्टर. मरनाऱ्या मानसाच्या तोंडाला लागू नये म्हनून त्यानं मऊ काडी घेतली. छळनाऱ्याला एवढी काळजी नसती." आणि एवढं बोलून तो सहा फुटी माणूस कडब्याच्या पेंढीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागला. बंकट ओट्यावरून घाईनं उतरला, पण पास्टरांनी त्याला हातानं थांबवलं, कारण टेम्पोपाशी उभा असलेला सोमेश्वर पुढं येत होता.

सोमेश्वर बापाच्या पुढ्यात उकिडवा बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं त्याच्याकडं बघितलं.

"सोम्या," सटवा नाक पुसत म्हणाला, "तुझ्या आईला मी मारलं न्हाई रं. तिला तहान लागलती."

"मला म्हाईत हाय, आबा."

"मंग माझ्याकडं बघत कावून न्हवतास? तुझा राग मला दिसत न्हवता का?"

"राग न्हवता, आबा." सोमेश्वर म्हणाला. "तिनं सकाळीच माझ्याकडं मागितलं व्हतं. तुमी खाली चहाला गेलतात. बोलता येत न्हवतं, तर तिनं माझं बोट धरलं आन् तोंडाकडं न्यायला लागली. मी बोट सोडवून घेतलं. डॉक्टरीनबाईनं नगं म्हनलं हाय, आई, आसं म्हनलो आन् तोंड फिरवून खिडकीपाशी उभा ऱ्हायलो. तुमाला बघितलं की मला त्येच आठवायचं. तुमी दिलं आन् मी दिलं न्हाई."

सटवा हबकला. तीन महिने तो स्वतःला कोर्टात उभं करून बसला होता आणि शेजारच्याच खाटेवर पोरगा त्याच्याहून मोठी शिक्षा भोगत होता. रोज सकाळी चाऱ्याचं विचारणारं पोर. आपण ते मेलं झाड हुडकत घाट चढलो-उतरलो, आणि घरातलं हे आपल्याला दिसलं नाही. त्याला स्वतःचाच संताप आला.

त्यानं सोमेश्वरची मान धरून त्याचं डोकं आपल्या छातीशी ओढलं. पोरगा बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण अंगणात सगळ्यांदेखत लहान पोरागत रडला.

"तू सांगितलेलं ऐकलंस, लेकरा. त्यात काय चुकलं?" सटवा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तू तिला जगवायला बघत व्हतास. आन् ऐक. दोनदा चोखलं तिनं. पोटभर न्हाई, पर ओठ वले झालते. तुझी आई तहानलेली गेली न्हाई, सोम्या."